देवचाराची वाट, मुंजाचा पिंपळ: गावातली भुतं राहतात कशी?

आमच्या वेंगुर्ला तालुक्यातल्या गावात भुताच्या जागा पाच होत्या. शाळा कुठे, पोस्ट कुठे हे आम्हा पोरांना नंतर कळलं. आधी कळलं ते कुठे जायचं नाही. व्हाळातली कोंड, म्हणजे ओढ्यातला खोल डोह. बामणवाडीतल्या पारावरचा पिंपळ. शाळेमागचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. वरच्या वाडीतलं एक बंद घर. आणि तिठ्यावरून देवळाकडे उतरणारी देवचाराची वाट. "तिनसांजेचा थंय जाव नको," एवढाच आजीचा हुकूम असायचा. 'का?' म्हटलं की गोष्ट सुरू व्हायची, आणि गोष्ट ऐकायला मिळावी म्हणून आम्ही तेच 'का?' दर सुट्टीत विचारायचो.

भुतं असतात का? माझं उत्तर 'नाही' असं आहे आणि ते इथेच संपतं. पण ते संपल्यावर खरी गंमत सुरू होते. भूत नसेल, तर ते नेमकं त्याच कोंडीत का राहतं? पिंपळावर मुंजाच का, हडळ का नाही? गाव बदललं तरी गोष्ट तीच कशी? याची उत्तरं थोडी इतिहासात आहेत, थोडी शरीरशास्त्रात, आणि बरीचशी सातबाऱ्यावर.

भूत कोण होतं?

मेलेला प्रत्येक माणूस आपल्याकडे भूत होत नाही. ऐंशी वर्षांचे आजोबा नातवाच्या हातून पाणी पिऊन गेले, तर ते पितर होतात. भाद्रपदात म्हाळाला येतात, जेवतात, जातात. त्यांची सोय लागलेली असते. ज्याचं काहीतरी राहून गेलं, त्याची सोय लागत नाही. तो फिरतो.

हा नियम आपण दहाव्याला डोळ्यांनी पाहतो. पिंडाला कावळा शिवत नाही. घाटावर जमलेले सगळे चुळबुळ करतात, मग कोणीतरी पुढे होऊन हात जोडून म्हणतं, "धाकटीच्या लग्नाचं मी बघतो, काळजी करू नको." कावळा शिवतो आणि सगळे सुटल्यासारखे होतात. कावळ्याला भूक लागली असेल किंवा माणसं मागे सरली असतील, तो मुद्दा वेगळा. मुद्दा असा की मेलेल्याचं अडलेलं काम काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असतं. भुताच्या गोष्टीतही हेच असतं, फक्त तिथे पुढे होऊन हात जोडणारं कोणी मिळालेलं नसतं.

म्हणून आपल्या भुतांची नावं म्हणजे मरणाच्या तऱ्हा आहेत. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा. बाळंतपणात बाई गेली, तर ती हडळ. बुडून मेलेला गिऱ्हा. धनावर जीव ठेवून गेलेला समंध, तो पुरलेल्या हंड्यावर बसतो. नवरा जिवंत असताना संसार अर्धा टाकून गेलेली जखीण. विद्वान पण वाईट वागलेला ब्राह्मण असेल, तर ब्रह्मराक्षस. यातली कितीतरी नावं भूत विसरून भाषेत शिल्लक राहिली आहेत. पंचेचाळिशीतल्या बिनलग्नाच्या माणसाला आपण मुंजा म्हणतो, आणि कार्यालयातल्या मनमानीला झोटिंगशाही. हा झोटिंगही मुळात भूतच.

यांची एक मोठी छापील यादी कशी तयार झाली, ती कथाही ऐकण्यासारखी आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. हा जॅक्सन संस्कृत जाणणारा होता आणि त्याला लोकसमजुती गोळा करायचा नाद होता. त्याने मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या धाडल्या होत्या: तुमच्या गावात कोणती भुतं मानतात, ती कुठे राहतात, त्यांना काय देतात. तो मेल्यावर ती उत्तरं आर. ई. एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने लावून छापली. कोकणाचा खंड १९१५ साली निघाला. आज मोबाइलवर फिरणाऱ्या 'कोकणातल्या भुतांचे प्रकार' या याद्या वाचताना मला नेहमी त्या मास्तरांचं हस्ताक्षर दिसतं.

आणि त्या मास्तरांची नजरही. भुतांनाही जात असते, हे या यादीइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही. मुंजा आणि समंध पोथीतल्या संस्कारांशी जोडलेले, त्यांच्याबद्दल भीतीबरोबर थोडी हळहळ. खवीस हा शब्द मात्र अरबी 'खबीस' म्हणजे दुष्ट, यावरून आलेला. आडदांड, दांडगा, विनाकारण मारहाण करणारा. गोष्टी सांगणाऱ्यांनी खवीस आणि झोटिंग हे प्रकार बहुतेक वेळा परक्या धर्माच्या किंवा गावकुसाबाहेरच्या माणसांच्या माथी मारले. आपल्या वाडीतला मेला तर बिचारा, पलीकडच्या वाडीतला मेला तर खवीस. जिवंतपणी ज्याची भीती वाटते, त्याचीच मेल्यावरही वाटते.

हडळीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. उलटी पावलं, मोकळे केस, हिरवं लुगडं हे सगळं आपण हसत सांगतो. पण १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालातला अंदाज असा आहे की देशात हजार जन्मांमागे सुमारे २० बाळंतिणी दगावत होत्या. एका बाईला सहा बाळंतपणं धरली, तर साधारण नऊ बायकांमागे एक बाळंतपणातच जाणार. म्हणजे दर वाडीत एखादं तरी घर. त्या घरात वर्षाच्या आत दुसरी बायको यायची, तिला पहिलीची मुलं सांभाळायची असायची, आणि काही घरांत मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालून वावरायचं असायचं. अशा घरात रात्री पाळणा आपोआप हलला, तर कोणाला कोण आठवेल? बाळंतिणीच्या उशाखाली कोयता, खोलीत धुरी, दहा दिवस एकटं न सोडणं, ही सगळी हडळीपासूनची राखण होती. आज महाराष्ट्रात हे मृत्यू लाख जन्मांमागे चाळीसच्या आत आले आहेत. माझ्या भाच्यांना हडळ सिनेमातून माहीत आहे. आजीला ती नावानिशी माहीत होती.

कोंड

आता गावाच्या फेरीला निघू. कोंडीतला गिऱ्हा पाय धरून खाली ओढतो, आणि 'ती कोंड दरवर्षी एक मागता', असं म्हणत.

कोकणातले व्हाळ फसवे असतात. वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. एरवी गुडघाभर पाणी असलेल्या जागी खडकाच्या पोटात भोवरा धरतो, आणि त्यात सापडलेला माणूस खडकाच्या कपारीत दाबला जातो. वाचलेला सांगतो, 'पायाला धरून ओढलं.' त्याला खरोखर तसंच वाटलेलं असतं. 'इथे पाणी खोल आहे' अशी पाटी लावली, तर बारा वर्षांचं पोर ती आव्हान म्हणून वाचेल. गिऱ्ह्याशी मात्र कोण पैज लावणार? दरवर्षी एक हा हिशेबही आपल्या सोयीचा आहे. ज्या वर्षी कोणी बुडत नाही, त्या वर्षाची गोष्ट होत नाही.

यावर काही जण लगेच म्हणतात, 'बघा, आपल्या पूर्वजांनी प्रत्येक रूढीमागे विज्ञान ठेवलं होतं.' जरा थांबा. तो मोह दुसऱ्या जागी कसा तोंडावर पाडतो, ते पिंपळापाशी बघू.

पिंपळ

पिंपळाखाली रात्री झोपू नये, कारण तो रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतो. पूर्वजांना हे माहीत होतं म्हणून त्यांनी मुंजा बसवला. हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडून ऐकलं आहे. गंमत म्हणजे त्याच शाळेतले दुसरे शिक्षक सांगायचे की पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो, म्हणून त्याला पूजतात. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकत नाहीत, आणि खरं तर दोन्हीही खऱ्या नाहीत. रात्री सगळीच झाडं श्वसन करतात, आंबा आणि फणसही. उघड्यावर ते प्रमाण इतकं किरकोळ असतं की झाडाखाली झोपलेल्याला काही होत नाही. त्याच्या शेजारी घोरणारा भाऊ त्याच्या नाकाशी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडत असतो.

पिंपळ भुताचा का झाला, याची कारणं झाडाकडे नीट पाहिलं की दिसतात. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असतो, त्यामुळे बाकी झाडं स्तब्ध असताना त्याची पानं झुळुकीनेही सळसळतात. वारा नाही आणि झाड बोलतंय. त्याचं बी पाखरांच्या विष्ठेतून पडतं आणि भिंतीच्या फटीत, विहिरीच्या कठड्यात, पडक्या देवळाच्या कळसावर रुजतं. माणसांनी सोडलेल्या वास्तूवर पहिला ताबा बहुधा त्याचा. फळं पिकली की रात्री वटवाघळं येतात. ढोलीत किंवा जवळच्या पडक्या माळ्यावर गव्हाणी घुबड असतं: पांढरं, हृदयाच्या आकाराचं तोंड, पंखांचा जराही आवाज नाही, आणि मधूनच अंगावर काटा आणणारी चिरकी किंचाळी. हे घुबड ज्याने कंदिलाच्या उजेडात अचानक पाहिलं असेल, त्याला मी हसणार नाही.

शिवाय पार असतो तिथेच पोरं खेळत. गेलेल्या पोराला गाव त्याच्या खेळाच्या जागी ठेवतं.

सडा आणि चकवा

पाचही जागांत मला सर्वात आवडते ती ही, कारण इथे भूत दिसतच नाही. चकव्याला रूप नाही. तो फक्त वाट चुकवतो.

माझ्या काकांना तो लागला होता. शेजारच्या गावच्या जत्रेतला दशावतार बघून ते रात्री एकटेच सड्यावरून परतत होते. बॅटरीचे सेल गेलेले, आभाळ भरलेलं. सडा ओलांडायला वीस मिनिटं लागतात. ते निघाले आणि काही वेळाने एका कुंभ्याच्या झाडापाशी आले. पुढे गेले, पुन्हा तेच झाड. तिसऱ्यांदा तेच झाड दिसल्यावर ते त्याच्याच बुंध्याशी बसले, तंबाखू मळली आणि फटफटेपर्यंत हलले नाहीत. उजाडल्यावर बघतात तर घर हाकेच्या अंतरावर. "चकव्यान धरलेलो," एवढंच ते सांगायचे, आणि सांगताना कधीही हसायचे नाहीत.

२००९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत यान साउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. माणसांना अनोळखी सपाट जंगलात सोडलं, अंगावर जीपीएस लावलं आणि सांगितलं की सरळ चालत राहा. आभाळ भरलेलं असताना चालणारे चौघेही गोल गोल फिरले. त्यातले तिघे पुन्हा पुन्हा स्वतःचाच माग ओलांडून गेले, आणि त्यांना पत्ता लागला नाही. सूर्य दिसत असताना चालणारे बऱ्यापैकी सरळ गेले. सहारा वाळवंटात एक जण रात्री चालत होता. चंद्र दिसत होता तोवर ठीक. चंद्र ढगाआड गेल्यावर तो वळत वळत आला तिकडेच तोंड करून निघाला. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसांचं वर्तुळ तर कधी कधी फक्त २० मीटर व्यासाचं भरलं.

एक पाय लांब, एक आखूड असतो म्हणून असं होतं, हा जुना तर्क. तो चुकीचा निघाला, कारण तोच माणूस कधी उजवीकडे वळत होता, कधी डावीकडे. 'सरळ' म्हणजे कुठे, याचा मेंदूतला अंदाज दर पावलाला किंचित ढळतो. डोंगराचं टोक, सूर्य, दूरचा दिवा असं काही दिसलं की मेंदू तो दुरुस्त करून घेतो. काहीच दिसलं नाही की चूक चुकीवर चढते आणि सरळ रेषेचं वर्तुळ होतं. आमच्या सड्यावर हे सगळं आयतं जुळून येतं: सपाट कातळ, पायवाटेची खूण उमटत नाही, झाडं मोजकी आणि एकसारखी, पावसाळ्यात वर धुकं.

आता चकव्यावरचे गावठी उपाय बघा. खाली बसायचं. तंबाखू खायची किंवा विडी ओढायची. चपला काढून उलटसुलट घालायच्या. काहीच जमलं नाही, तर उजाडेपर्यंत जागा सोडायची नाही. चपलांमध्ये काही जादू नाही. पण प्रत्येक उपायात घाबरलेला माणूस चालायचा थांबतो. वाट चुकलेल्या माणसाने पहिल्यांदा हेच करायला हवं, आणि त्याला नेमकं हेच सुचत नाही. चकव्याला मी अंधश्रद्धा म्हणायला कचरतो. घडतं ते बरोबर टिपलेलं आहे, फक्त त्यामागचं कारण तेवढं चुकलेलं आहे.

बंद घर

मुंबईला गिरणीत गेलेल्या चाकरमान्यांची अशी घरं कोकणात गावोगाव आहेत. गणपतीला उघडतात, अकराव्या दिवशी कुलूप. आमच्याकडचं घर तर गणपतीलाही उघडत नव्हतं. कोणीतरी तिथे गळफास घेतला होता, असं सांगत. कोणी, ते सांगताना प्रत्येकाचं नाव वेगळं. रात्री माळ्यावर पावलं वाजतात, हे मात्र सगळ्यांचं एक.

पावलं खरी असणार. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, रात्री कौलांवरून आणि माळ्यावरून चालतं, आणि मांजराच्या मानाने त्याचं वजन चांगलंच असतं. दिवसभर तापलेली कौलं आणि वासे रात्री थंड होताना कडकडतात. पण त्या घरात एकदा झोपलेल्या गवंड्याचा अनुभव याने सुटत नाही. त्याला पहाटे जाग आली, हातपाय हलेनात, छातीवर कोणीतरी बसलेलं, आणि कोपऱ्यात काळी आकृती. ओरडायला गेला तर आवाज फुटेना. मिनिटाभराने सगळं नाहीसं. तो तेव्हाच उठून चालता झाला.

हे वर्णन वाचून ज्यांना स्वतःचं काही आठवलं असेल, त्यांच्यासाठी नीट सांगतो. झोपेत स्वप्नं पडण्याच्या टप्प्यात मेंदू शरीराचे स्नायू ढिले करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात धावताना आपण खरोखर खाटेवरून उडी मारू. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. त्या मधल्या काही क्षणांत डोळे उघडे, खोली दिसतेय, पण शरीर बंद, आणि स्वप्न अजून चालूच. छातीचे स्नायू ढिले असल्यामुळे खोल श्वास घेता येत नाही, म्हणून छातीवर वजन. धोक्याची जाणीव करून देणारा मेंदूचा भाग जागा असतो, म्हणून खोलीत 'कोणीतरी' असल्याची खात्री. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. पक्षाघाताशी त्याचा संबंध नाही आणि तो आपोआप जातो. शंभरात सात-आठ जणांना आयुष्यात कधीतरी येतो. अपुरी झोप, बदललेली जागा, उताणं झोपणं यांनी शक्यता वाढते. परक्या घरी, दिवसभराच्या कामाने थकून, उताणा झोपलेला गवंडी. त्यात संध्याकाळीच त्याला कोणीतरी घराची गोष्ट सांगितलेली. अंधारातली आकृती त्याच्या मेंदूने उभी केली. तिला नाव गावाने आधीच देऊन ठेवलं होतं.

आणि सातबारा? त्या घरावर सतरा नावं होती. पाच मुंबईत, दोन बडोद्याला, काही कुठे आहेत तेही कोणाला ठाऊक नाही. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. अशा घरात भूत राहतं म्हटलं की बऱ्याच जणांचं फावतं. शेजाऱ्याचा कुंपणाचा गडगा दर पावसाळ्यात हातभर आत सरकतो. मागच्या परसात कोणाची तरी हातभट्टी निवांत चालते. गिऱ्हाईक आलंच तर भाव पडतो. मी कोणावर आरोप करत नाही. पण भुताच्या घराची गोष्ट ऐकली की मी 'कोणी पाहिलं?' हे विचारत नाही. 'वहिवाट कोणाची?' हे विचारतो.

शहरातही तेच

हे सगळं खेड्यातलं, असं वाटत असेल तर पुण्याला जाऊ. शनिवारवाड्यातून पौर्णिमेच्या रात्री "काका, मला वाचवा" अशी हाक येते, हे महाराष्ट्रात पोरासोरांना माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे याच वाड्यात गारद्यांकडून मारले गेले, काका रघुनाथरावांच्या डोळ्यांदेखत. 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं, असं सांगतात. इथवर इतिहास आणि आख्यायिका हातात हात घालून चालतात. पुढे बघा.

खून दुपारी झाला. गोष्टीत मात्र हाक रात्री येते, कारण दुपारी दोन वाजता भूत कसं येणार? तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती. गोष्टीने ती दोन दिवस पुढे सरकवून पौर्णिमेवर नेली. ज्या दालनांतून नारायणराव धावले, ती १८२८ च्या आगीत जळून गेली. आज उरलेत तटबंदी, दरवाजे आणि जोती. म्हणजे हाक येते ती नसलेल्या मजल्यावरून.

गोष्ट अशीच घडते. घटनेतला सर्वात टोचणारा भाग, म्हणजे सख्ख्या काकाला घातलेली मिठी, तेवढा राहतो. बाकी सगळं रात्र आणि चंद्र यांच्या साच्यात बसवलं जातं. बाजीराव दुसरे हे रघुनाथरावांचे चिरंजीव. त्यांना नारायणरावांच्या भुताची धास्ती होती आणि प्रायश्चित्त म्हणून त्यांनी पुण्याभोवती आंब्याची झाडं लावली, असं जुन्या इंग्रजी नोंदींत येतं. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवलं, पण देहान्त प्रायश्चित्त काही झालं नाही. खटला निकालात निघाला, शिक्षा राहिली. कावळा शिवला नाही म्हणा ना.

बाहेरचं

इथवर भुतं जागेवर बसलेली होती. ती माणसाच्या अंगात शिरली की विनोद संपतो. 'बाहेरचं झालंय' असं म्हणतात तेव्हा घरात सहसा एक तरुण सून असते, किंवा परीक्षेत अडकलेला मुलगा, किंवा ज्याला आकडी येते असा कोणी. अपस्मार, नैराश्य, बाळंतपणानंतरचा मानसिक आजार यांना औषधं आहेत. 'बाहेरचं' या शब्दाने एक सोय होते: दोष त्या व्यक्तीचा राहत नाही, आणि घराचाही राहत नाही. सून सासूला अंगात आल्यावर जे सुनावते, ते एरवी सुनावलं तर काय होईल, हे तिला ठाऊक असतं. हे सुनावणं घरच्यांनी ऐकलं, तर निम्मं भूत उतरतं असं मला वाटतं.

पण गोष्ट मांत्रिकाकडे गेली की मिरचीची धुरी, साखळी, मार. हे थांबवण्यासाठीच महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, धुरी देणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणं हे गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. आजीने ओट्यावर बसून मुंजाची गोष्ट सांगण्याला या कायद्यात कुठेही बंदी नाही. 'कायद्याने आमची संस्कृती बुडवली' असं म्हणणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. मराठीत आहे आणि लहान आहे.

देवचाराची वाट

पाचवी जागा शेवटी ठेवली, कारण तिथलं भूत घाबरवत नाही. देवचार हा दक्षिण कोकण आणि गोव्याचा रात्रीचा राखणदार. खांद्यावर कांबळं, हातात घुंगरांची काठी, कधी पेटती चूड. चुकलेल्याला घरी पोचवतो, चोराला पळवतो. त्याला वर्षाला राखण द्यायची: कुठे कोंबडा, कुठे रोट, गोव्यात फेणी आणि विडीसुद्धा. त्याच्या ठरलेल्या वाटेत मात्र घर बांधायचं नाही, झोपायचं नाही, घाण करायची नाही.

भूत आणि देव यांच्यातला पडदा आमच्याकडे किती विरळ आहे, ते आमच्याच तालुक्यातल्या आरवली गावात कळतं. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, अमावास्येला पालखी काढणारा. आरवलीत तोच वेतोबा होऊन देवळात उभा आहे. भक्त त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री तो गावभर फिरून राखण करतो, म्हणून चपला झिजतात, असं मानतात. गोव्यात आमोण्याला आणि लोलयेला तोच बेताळ म्हणून पुजला जातो. गावाला रात्रपाळीचा पहारेकरी हवा होता. सर्वात दांडगा भूतच त्या कामाला लावला, यात मला मोठा व्यवहारीपणा दिसतो.

देवचाराच्या चुडी डोंगरावर हलताना दिसायच्या, असं आजी सांगायची. काही चुडी उशिरा परतणाऱ्या माणसांच्याच असणार. पावसाच्या तोंडावर झाडंच्या झाडं काजव्यांनी उजळतात, आणि पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट चमकते. तो उजेड पाहायला आता लोक पैसे मोजून रात्रीच्या सहली करतात.

आमच्या वाटेवर पंचायतीने दिवे लावले, त्यानंतर चुडी कोणी पाहिल्या नाहीत. खालच्या बाजूला एका मुंबईकराने जागा घेऊन होमस्टे बांधला आणि चारी बाजूंनी चिऱ्याचा गडगा घातला. गवंडी गावचाच. त्याने तिठ्याकडच्या अंगाला दीड हात रुंद फट सोडली. मालकाने विचारलं, "इथे फाटक का नाही?" गवंडी म्हणाला, "थंयसून जाणं-येणं हा." कोणाचं, ते मालकाने विचारलं नाही आणि फटही बुजवली नाही. सध्या तिच्यातून वाडीतली कुत्री ये-जा करतात, आणि पाहुण्यांची पोरं रात्री तिच्याकडे बॅटरी मारून बघतात.